टाचे न मारलेली भिंत

आमच्या पिंडात आता तिकीट लागतं. पूर्वीही लागायचं, पण तेव्हा आम्ही आतच राहायचो, त्यामुळे मला कधी काढावं लागलं नाही. मागच्या महिन्यात नातीला घेऊन गेलो तर खिडकीतल्या पोरीनं विचारलं, ‘‘बाऊजी, सीनियर सिटिझन?’’ मी म्हणालो, पूर्ण तिकीट दे. ज्या घरात मी सहा वर्षं झोपलो त्या घरात अर्ध्या तिकिटावर जायला मी काही भिकेला लागलेलो नाही. नात, सानिका, मागून म्हणाली, ‘‘आजोबा, छोड़ो ना.’’ तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. तिचा बाप मोहालीत संगणकाच्या कंपनीत आहे, त्याचंही आता तसंच होत चाललंय. असो. मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही, ओळी वाकड्या जातात. पण आत एक पाटी लावलीय, त्या पाटीवर खोटं लिहिलंय, आणि ते वाचल्यापासून मला जेवण गोड लागेना. म्हणून हे प्रकरण मधेच लिहितोय. पलटणीच्या लायनीतलं बालपण नंतर लिहीन, ते कुठं पळून जात नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सातारा जिल्ह्यातल्या माणदेशातले गवंडी. पलटणीत गवंडी म्हणूनच भरती झाले आणि पेन्शनीत निघाले तेव्हा पलटण होती चंडीगडजवळ. गावाकडं जाऊन करायचं काय, तर दुष्काळात दगड फोडायचे. तेवढ्यात त्यांच्या जुन्या कर्नलसाहेबांनी निरोप धाडला. साहेब सरदार होते, पांढरी दाढी, छाती अजून परेडला उभी असल्यासारखी. शहर वाढत होतं. आज हा सेक्टर, उद्या तो, आणि जिथं सेक्टर येणार तिथली गावं उठवायची. साहेबांच्या डोक्यानं घेतलं होतं की त्या गावांतलं एकेक चांगलं घर उचलायचं आणि आपल्या बागेच्या जमिनीवर जसंच्या तसं उभं करायचं. कुंभाराचं घर, विणकराचं घर, लोहाराची भट्टी, एक तेलाची घाणी, मधे विहीर. आणि नुसती उभी करायची नाहीत, त्यात माणसं राहिली पाहिजेत, चूल पेटली पाहिजे, धूर निघाला पाहिजे. शहरातली पोरं येऊन बघतील की त्यांचे आजे कसे जगत होते. आबांना साहेब म्हणाले, ‘‘तू घरं बांध आणि एका घरात राहा.’’ आबांनी घरी येऊन आईला सांगितलं की आपल्याला पिंडात राहायचंय. आईनं तोंडाला पदर लावला. आमच्याकडं पिंड कशाला म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक. पंजाबीत गावाला पिंड म्हणतात हे तिला पटायला चार दिवस लागले.

तर असे आम्ही माणदेशातले तिघं पंजाबी खेडुताचं कुटुंब होऊन राहायला लागलो. आठवडाभर आई नऊवारीत असायची. रविवारी लोक यायचे, त्या दिवशी साहेबांच्या बाईंनी दिलेली सलवार-कमीज घालायची आणि चुलीपुढं बसायची. आरशात बघायची नाही. म्हणायची, ‘‘आज मी माझ्या घरात न्हाई, उद्या येते.’’ मक्याची रोटी करायची ती, पण हात भाकरीचा. काठवटीत थापायची, गरगर फिरवायची, पातळ पापुद्र्यासारखी. बघणारे म्हणायचे, असली रोटी आमच्या आजीलाही जमायची नाही. खरंच जमली नसती, कारण ती त्यांची नव्हतीच. सरसोंचा साग साहेबांच्या बाईंनी शिकवला, त्यात आई गुपचूप लसूण दुप्पट घालायची, आणि दगडी खलात मिरचीचा ठेचा करून पानाच्या कडेला ठेवायची. पुढं पुढं लोक ठेचा मागून घ्यायला लागले, तो जुना पंजाबी पदार्थ समजून. कर्नलसाहेबांना कळलं होतं. ते मिशीत हसायचे आणि स्वतःही घ्यायचे. मला ते ‘‘ओए ग्यानी’’ म्हणायचे. माझं नाव ज्ञानू. ग्यानी म्हणजे त्यांच्यात पोथी वाचणारा विद्वान माणूस. चौथीत शाळा सोडलेल्या पोराला ही हाक बसली की विणकराच्या घरातून खटखट थांबून हसू यायचं.

त्या पिंडाचे आवाज मला अजून वेगवेगळे काढता येतात. पहाटे हातपंप, मग मोर, मग विणकराचा माग, मग भाता. दूर अंबाल्याच्या बाजूनं गाडी. आणि या सगळ्यावर आबांची बोटं. आबांची सवय होती, वाळलेली भिंत दिसली की मधल्या बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. ठक ठक ठक करत पुढं जायचं. गिलावा भिंतीला धरून बसला असेल तर आवाज भरीव येतो. मधे कुठं सुटला असेल तर बद, असा पोकळ येतो. तो आवाज आला की आबा बोलायचे नाहीत, खिशातून खडू काढून तिथं एक फुली मारायचे आणि पुढं जायचे. फुली म्हणजे काढ आणि पुन्हा कर. माझ्या हाताखालच्या भिंतींवर सुरुवातीला एवढ्या फुल्या असायच्या की आई म्हणायची, रांगोळी कशाला काढू, बापानं काढलीय की.

गिलावा का सुटतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या भिंतीवर नवा गारा, म्हणजे कालवलेली माती, लावायचा तर आधी ती भिंत छिन्नीनं खडबडीत करायची. वीत-वीतभर अंतर नाही, बोटा-बोटाला घाव. याला टाचे मारणं म्हणतात. मग पाणी पाजायचं, मग गारा. त्या घावांत गारा घुसतो आणि धरून बसतो. टाचे मारणं कंटाळवाणं काम. धूळ डोळ्यांत, खांदे भरून येतात, आणि झाल्यावर कुणाला दिसत नाही, कारण वरून गुळगुळीत होतं. म्हणून गवंडी यातच चोरी करतो. मी पुढं चाळीस वर्षं या शहरात गिलावे केले, सेक्टर एकोणचाळीसच्या साहेबलोकांच्या क्वार्टरांपासून कोर्टाच्या मागच्या कॅन्टीनपर्यंत, आणि माणसं कामावर घेताना एवढंच बघितलं.

आता बेबेचं घर. ते आम्ही उठणाऱ्या एका गावातून आणलं. विटा छोट्या, पातळ, जुन्या काळच्या. एकेक वीट खडूनं आकडा घालून काढली. पण आतल्या खोलीत, जिथं चुलीचा धूर कोंडायचा, एक मातीची भिंत होती आणि तिच्यावर हात होते. घरात नवी सून आली की हळदीत आणि तांदळाच्या पिठात हात बुडवून तिनं भिंतीवर उमटवायचा, अशी त्या घरची रीत. पाच हात होते, धुरानं काळपटलेले, एकाखाली एक उतरत गेलेले. विटा काढता येतात, मातीची भिंत कशी काढणार? आबांनी ती पुरुषभर उंचीची भिंत मागून पुढून फळ्या लावून, दोरानं आवळून, एका तुकड्यात कापून काढली. बैलगाडीत गवताच्या गादीवर उभी ठेवली आणि आठ कोस तिला हातानं धरून चालत आले. खड्डा आला की गाडीवाल्याला शिवी, भिंतीला ‘‘सांभाळ बाई’’. घरी आले तेव्हा पायांना फोड होते. आईनं तेल लावलं तर म्हणाले, ‘‘एक चिर गेली न्हाई.’’ एवढंच. ते घर ज्या म्हातारीचं, तिला सगळे बेबे म्हणत. ती मुलाकडं शहरात राहायला गेली होती. घर उभं राहिलं की बघायला येईन म्हणाली होती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ते घर लोकांसाठी उघडायचं आणि बेबेला आणायचं असं साहेबांनी ठरवलं. त्याच्या पंधरा दिवस आधी गावाकडून पत्र आलं, आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन. आबांना जावं लागलं. निघताना मला म्हणाले, ‘‘बेबेच्या भिंतीचा खालचा भाग वलीनं सुटलाय. खालची तीन फूट भिंत टाचे मारून लिंप. वर हात लावू नको.’’ मी सतरा वर्षांचा होतो. वर हात लावू नको हे मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात ते असं शिरलं की आबांना माझ्या हाताचा भरवसा नाही. बास. मग मी ठरवलं की सगळीच भिंत करायची, आणि अशी करायची की आबांचं बोट ठोकायला उचलणार नाही.

दुसरंही एक होतं, ते आज पंजाबातल्या माणसाला सांगितलं तर पटणार नाही, पण आमच्याकडच्या माणसाला पटेल. दिवाळी तोंडावर आली आणि घरातली भिंत काळी, डागाळलेली, असं आम्ही कधी बघितलं नव्हतं. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरची भिंत दिवाळीला तशी राहते. बाकी कुणाचीही, किती गरीब असो, शेणामातीनं नवी होते. हातांचे ठसे आमच्याकडंही उठायचे, पण दर साली जुने सारवणाखाली जायचे आणि बायका वर नवे उठवायच्या. जुना ठसा जपून ठेवायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटलं बेबे येईल, तिचा हात पुन्हा उठवू, हळद काय महाग आहे.

बुधवारी सकाळी भिंत घेतली. गारा मी फार छान कालवला होता, भुसा दोन दिवस मुरवून, शेण घालून, पायानं तुडवून लोण्यासारखा. खालच्या तीन फुटांत टाचे मारले, अगदी आबा मारतात तसे. वर सरकलो तर काजळी. छिन्नी बसली की धुराची भुकटी डोळ्यांत यायची. आणि त्या दिवशी मनीमाजऱ्याला कुस्त्यांचा फड होता. विणकराचा पोरगा दोनदा येऊन विचारून गेला. हातांच्या ठशांवर छिन्नी मारायला माझं मन धजेना, म्हणून थांबलो, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण तसं काही नव्हतं. कुस्त्या चुकतील म्हणून थांबलो. छिन्नी टाकली, ठशांवर तसाच गारा चढवला. पाणीसुद्धा धड पाजलं नाही. खालून एकेक हात झाकत गेलो. सगळ्यात वरच्या हाताची करंगळी वाकडी होती, बाहेरच्या बाजूला. ती दिसेनाशी झाली तेव्हा मी थापी धुतली. भिंत अशी झाली होती की आई दारात येऊन म्हणाली, ‘‘बया, तोंड दिसंल की हिच्यात.’’ मी कुस्त्यांना गेलो.

शनिवारी दुपारी आबा आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी बेबेच्या घरात गेले. मी मागून गेलो, कौतुक ऐकायला. आबा भिंतीपुढं उभे राहिले. मग बोट उचललं, ठोकायला नव्हे, भिंतीला नुसतं टेकवलं. गारा अजून ओला होता. ओली भिंत बोलत नाही, वाळल्यावरच खरं काय ते सांगते.

‘‘हात कुठं हायत?’’

‘‘खाली गेले. दिवाळी हाय न्हवं. बेबेचा उठवू की परत.’’

‘‘टाचे मारलेस?’’

ही ती जागा. बापाचा चेहरा बघून मला कळलं होतं की काहीतरी मोठं चुकलंय, काय ते कळलं नव्हतं. एक चूक तर झालीच आहे, निदान काम तरी चोख म्हणू दे, असा मी विचार केला.

‘‘मारले.’’

‘‘वर बी?’’

‘‘वर बी. सगळीकडं.’’

आबा खाली बसले. उकिडवे, भिंतीला पाठ करून. ‘‘मग गेले,’’ म्हणाले. मला तेव्हा उमगलं. बोटा-बोटाला छिन्नीचे घाव म्हणजे त्या हातांचा भुगा. मी चोख काम केलं असेल तर हात संपले. आणि चोरी केली असेल तर ते आत, गाऱ्याखाली, धडधाकट असतील. मी तोंड उघडलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण ज्या बापाकडून कौतुक ऐकायला मी मागून आलो होतो त्याला, मी चोर गवंडी आहे, असं सांगायचं? माझ्यानं झालं नाही. शिवाय तीन-चार दिवसांत भिंत वाळणार आणि आबांचं बोट तिला ठोकणार, हेही मला दिसत होतं. त्या रात्री आईनं आबांसाठी हुलग्याचं माडगं केलं होतं, गावाकडून आणलेल्या हुलग्याचं. मला ते आवडायचं. मी माझी वाटी आबांपुढं सरकवली.

रविवारी साहेबांच्या जीपमधून बेबे आली. बुटकी, जाड चष्मा, हातात काठी, पायांत पुरुषी जोडे. उतरल्या उतरल्या दाराची चौकट काठीनं ठोकली आणि साहेबांना म्हणाली, ‘‘एह तां मेरा ही बूहा है.’’ हे तर माझंच दार. जसं काही साहेबांनी ते चोरून आणलं होतं. मग आत शिरली आणि घराचा ताबा घेतला. घडवंची इकडं नव्हती, तिकडं होती. चूल एवढी उंच कुणी केली, इथं काय उंट स्वयंपाक करतो का? आई सलवार-कमीज घालून चुलीपुढं बसली होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं, ती प्रत्येक वाक्याला ‘‘हांजी’’ म्हणत होती. बेबेनं तिच्या हातातली रोटी उचलून उजेडात धरली. ‘‘एह रोटी है के कागज़?’’ आई म्हणाली, ‘‘हांजी.’’ साहेब खोकल्यासारखं करून बाहेर बघायला लागले. पण बेबेनं ठेच्याबरोबर तीन कागद खाल्ले, नाक पुसलं, आणि आईच्या पाठीवर एक थाप मारली. मग म्हणाली, ‘‘चल, हुण सत्तो नूं मिलिए.’’ चला, आता सत्तोला भेटू.

सत्तो म्हणजे तिची थोरली जाऊ. बेबे आतल्या खोलीकडं जाताना साहेबांना सांगत होती, आम्ही सगळे मागं. थोरल्या सुनेचा हात वर, धाकटीचा खाली, अशी रीत. सत्तो तिच्याआधी सहा महिने त्या घरात आली होती, एवढ्या सहा महिन्यांवर तिनं चाळीस वर्षं मिजास केली. मीठ कमी, दूध पातळ, झाडू असा नाही तसा. चाळीस वर्षं दोघी भांडल्या. मागच्या हिवाळ्यात सत्तो गेली. शहरात मुलाचं घर चांगलं आहे, फरशी आहे, नळ आहे, सून एक शब्द उलट बोलत नाही. ‘‘लड़न नूं कोई नहीं,’’ बेबे म्हणाली. भांडायलाच कुणी उरलं नाही. ‘‘मैं सोचेया, उसदा हत्थ तां है.’’ म्हटलं, तिचा हात तरी आहे.

आणि ती भिंतीपुढं आली. चष्मा वर केला, खाली केला. आरशासारखी भिंत. तिनं काठी भिंतीला टेकवली, वर जिथं तो हात होता तिथं.

आबा पुढं झाले. माझ्या बापानं डोक्यावरची टोपी कुणापुढं काढलेली मी पाहिली नव्हती. साहेबांना ते सलाम ठोकायचे, पण टोपीसकट. त्यांनी टोपी काढली, हातात धरली. डोकं मधे पांढरं होतं, टोपीखालचं, उन्हानं न रापलेलं. ‘‘बेबेजी,’’ ते आपल्या पलटणीच्या हिंदीत म्हणाले, ‘‘वो हाथ गया. मेरे हाथ से गया. मिस्त्री मैं है, गलती मेरी है.’’ माझं नाव नाही, गाव नाही. बेबेनं फक्त विचारलं, ‘‘सत्तो वी?’’ सत्तोचाही? आबांनी मान हलवली. मग तिनं भिंतीवरून काठी काढून घेतली आणि जायला वळली.

ती हातातली टोपी आणि ते पांढरं डोकं. मी म्हणालो, ‘‘आबा, मी वर टाचे मारले न्हाईत.’’

मी ते मराठीत बोललो. खोलीत ते दोघांनाच कळलं, आबांना आणि आईला. साहेब, बेबे, विणकर, सगळे नुसते बघत होते. आबांना वाटलं असतं तर ते तिथंच गिळता आलं असतं, आम्ही घरी गेल्यावर काय ते झालं असतं. मी कधी कधी विचार करतो, माझ्या पोराबद्दल मी काय केलं असतं.

‘‘पानी?’’ आबांनी विचारलं.

‘‘पानी बी पाजलं न्हाई. कुस्त्या हुत्या.’’

आबांनी टोपी डोक्यावर ठेवली. वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात साहेबांना म्हणाले, ‘‘साब, मेरे लड़के ने काम कच्चा किया है.’’  हे त्यांनी रागानं म्हटलं की कशानं, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मग आईकडं वळून म्हणाले, ‘‘उलथनं आण.’’

भाकरी परतायचं पातळ पात्याचं उलथनं. आबांनी सत्तोच्या हाताच्या जागेच्या चारी बाजूंनी सुरीनं रेघ ओढली, फडक्यानं कडा ओल्या केल्या आणि थांबले. घाई केली नाही. विडी शिलगावली नाही, बेबेला बसायला बाज आणायला लावली. मग उलथनं मला दिलं. ‘‘तुझंच हाय, तूच काढ.’’ मी वरच्या कडेनं पातं घातलं. काजळीवर गारा चिकटलाच नव्हता. भाकरी तव्यावरून सुटते तसा पापुद्रा सुटत आला, वीतभर, मग दोन वीत, आणि आईनं पुढं होऊन तो पदरासारखा दोन्ही हातांवर झेलला. खाली काळी भिंत, आणि काळ्या भिंतीवर वाकडी करंगळी.

‘‘आ गई!’’ बेबे ओरडली. ‘‘पहलां एही आऊ. पता सी मैनूं.’’ आधी हीच येणार, मला ठाऊक होतं. आणि उठून, टाचा उंचावून, तिनं त्या हातावर काठीचं टोक नाही, आपला पंजा ठेवला. तिचा हात त्या हाताहून मोठा निघाला. हे बघून तिला फार बरं वाटलं. तिनं साहेबांना, आबांना, विणकराला, प्रत्येकाला ते दाखवलं. मग तिचे डोळे गळायला लागले, पण तोंड चालूच होतं.

पाचातले चार हात पूर्ण आले. सगळ्यात खालचा, मी वर सरकताना मारलेल्या पहिल्या घावांत गेला. तो बेबेच्या सुनेचा, जी उलट बोलत नाही तिचा. बेबे म्हणाली, ती जिवंत आहे, तिचा पुन्हा उठवू. पुढच्या रविवारी खरंच त्या बाईला घेऊन आली आणि उठवला.

लोक गेल्यावर आबांनी मला छिन्नी दिली. ठशांभोवतीचा बाकीचा गिलावा खरवडून टाक, टाचे मार, पुन्हा कर. फक्त हातांच्या चौकटीला लागून चार बोटांची पट्टी सोडायला लावली. तिथं छिन्नी बसली तर हादऱ्यानं हात खिळखिळे होतील, तिथला गारा सुटा आहे तसाच राहू दे, चारी बाजूंनी धरून राहील. मी दोन दिवस टाचे मारत होतो. दुसऱ्या दिवशी आबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘‘कुस्त्यांना गेलास त्याचं न्हाई. सतराव्या वर्षी मी बी गेलो असतो. ‘मारले’ म्हणालास, त्याचं हाय.’’ मी खाली मान घालून छिन्नी मारत राहिलो. त्यानंतर आबा अकरा वर्षं जगले, आणि त्या अकरा वर्षांत माझी एकही भिंत त्यांनी ठोकून बघितली नाही. दुसऱ्यांच्या ठोकायचे. माझ्या भिंतीपुढं आले की नुसतं विचारायचे, ‘‘मारले?’’ मी म्हणायचो, ‘‘मारले.’’ आणि पुढं जायचे. ज्यांना वाटतं ही सूट झाली, त्यांनी कधी असल्या बापाच्या हाताखाली काम केलेलं नाही.

साहेब गेले, आबा गेले, बेबे तर कधीच. त्या बागेच्या भोवती आता औषधांचे कारखाने, वारा फिरला की वास येतो. पिंड एका संस्थेकडं आहे, चांगलं ठेवलंय, खोटं बोलणार नाही. आईच्या जागी पगारी बाई बसते, ती रोटी जाड करते. पण बेबेच्या खोलीत काचेच्या चौकटीशेजारी पाटी आहे, हिंदीत आणि इंग्रजीत, की हे जुने ठसे बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी शास्त्रीय पद्धतीनं वरचा थर काढून उघडे केले. सानिकानं मला वाचून दाखवलं. मी मॅनेजरला बोलवायला लावलं. पोरगेला माणूस आला, गोड बोलणारा. ‘‘बाऊजी, हमारे रिकॉर्ड में तो यही है. आपके पास कोई सबूत है?’’

मी म्हणालो, आहे. सानिका हळूच माझी बाही ओढत होती. काचेच्या बाहेर भिंत उघडीच आहे. मी मधलं बोट दुमडलं आणि कडेपासून सुरुवात केली. ठक. ठक. ठक. पन्नास वर्षं झाली, तरी दगडासारखी बोलत होती. मॅनेजर मान हलवत होता, म्हाताऱ्याला बोलू दे अशी. मग बोट चौकटीजवळच्या चार बोटांच्या पट्टीवर आलं.

बद.

‘‘ऐकलंस?’’ मी सानिकाला म्हणालो. ‘‘ते माझं.’’